गेले म्हणजे कुठे

"उद्यापासून तुम्ही तळघरात चादरींच्या घड्या घालायच्या," मेट्रनबाई म्हणाल्या. "तिथं कुणाशी बोलावं लागत नाही. त्या बाईंनी तक्रार मागे घेतली, तर चौकशीच्या टेबलाचं बघू."

कंट्रोलरच्या मस्तकात तिडीक गेली. छत्तीस वर्षं बसस्थानकाच्या खिडकीत बसून त्याने लोकांना उत्तरं दिली होती, म्हणून तर सगळे त्याला अजून कंट्रोलरच म्हणत. निवृत्तीनंतर घरात बायकोचं डोकं खात बसण्यापेक्षा हॉस्पिटलात बिनपगारी सेवा करावी, म्हणून तो आला होता. नाव विचारायचं, वॉर्डात फोन लावायचा, मजला सांगायचा. पाच महिने सगळं सुरळीत चाललं होतं.

परवा एक बाई डबा घेऊन टेबलापाशी आली. तिच्या वडिलांची बारा नंबरची खाट रिकामी होती. त्याने फोन लावला. त्यांना दुसऱ्या मजल्यावर हलवलंय, असं तिकडून कळलं. मान वर न करताच तो म्हणाला, "बारा नंबर ना? गेले ते. सकाळीच गेले."

जन्मभर तो हेच बोलत आला होता. साडेनऊची गेली. दहाची आत्ताच गेली. ते ऐकून स्थानकावरचा माणूस फार तर चडफडत बाकावर टेकायचा. ही बाई मटकन जमिनीवर बसली. 'दुसऱ्या मजल्यावर' एवढं सांगायचं राहिलं होतं, तेवढ्यात दुसरा फोन वाजला आणि त्याने तो उचलला. फोन ठेवून बघतो तर लोक बाईला बाजूला घेऊन गेले होते. खरं काय ते तिला दहा मिनिटांनी कळलं, तेही झाडूवालीकडून.

"माणसं म्हणजे काय गाड्या आहेत का?" त्या रात्री घरी बायको म्हणाली. "अहो, माफी मागा नि मोकळे व्हा." तो ताट सरकवून उठला. बायकोचा राग, तक्रार लिहून घेणाऱ्या मेट्रनबाईंचा राग, वाक्य संपेपर्यंत दम न धरणाऱ्या त्या बाईचा राग. सगळ्यात जास्त स्वतःचा, आणि तो कुणावर काढताही येत नव्हता.

आज मात्र मेट्रनबाईंच्या खोलीतून निघाला तो तडक दुसऱ्या मजल्यावर गेला. बाई दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती.

"ताई, माझी चूक झाली. वाक्य पुरं करायला हवं होतं. पण ती तक्रार तेवढी..."

"तक्रारीसाठी आलात होय?" बाईने त्याच्याकडे रोखून बघितलं. "तुम्हाला काय वाटतं, मी दुःखानं खाली बसले? चौदा महिने झाले. कपडे बदलायचे, भांडं द्यायचं, शिव्या खायच्या, सगळं मी एकटी. भाऊ फोनवर 'काळजी घे' म्हणतो नि ठेवून देतो. तुम्ही 'गेले' म्हणालात ना, तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटले'. रडू नंतर आलं. दहा मिनिटं मी मोकळी होते. मग वर आले, तर बाबा विचारतात, डबा कुठंय?"

तिने दाराकडे पाठ केली. "तेव्हापासून त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही मला. तुमची माफी घेऊन काय करू मी? लोणचं घालू?"

छत्तीस वर्षांत खिडकीपाशी आलेला एकही माणूस त्याने उत्तर न देता परत पाठवला नव्हता. त्याने खिशातून पेन काढलं. मग म्हणाला, "भावाचा नंबर द्या."

"कशाला?"

"शिव्या घालतो."

बाईच्या ओठांचा कोपरा जरासा हलला.

"तुम्ही घरी जा, झोपा," तो म्हणाला. "सहा वाजता या. तोवर मी बसतो त्यांच्यापाशी."

"ते वाट्टेल ते बोलतात."

"चुकलेल्या गाड्यांपायी मी काय कमी ऐकून घेतलंय?"

ती पर्स घेऊन निघाली, चार पावलांवर थांबली. "ती तक्रार..."

"असू द्या. खरी आहे ती."

आत म्हातारा उशीला टेकून दाराकडेच बघत होता. "तू कोण रे? मुलगी कुठंय माझी?"

कंट्रोलरने खुर्ची खाटेजवळ ओढली आणि शब्द न् शब्द सुटा करून सांगितलं, "ती घरी आहे. झोपायला गेलीय. सहा वाजता परत येणार आहे." म्हाताऱ्याला कळलं की नाही, ते बघायला तो थांबला.

"झोपायला? भर दुपारी?" म्हातारा कडाडला. "लाज नाही वाटत तिला? बोलव आधी. माझी कूस कोण बदलणार?"

"मी," कंट्रोलर म्हणाला, आणि बाह्या वर सारून उठला. "तिला कुणी उठवायचं नाही."