मुदत संपलेली पाहुणी

शेवंती गेली दहा वर्षं स्वतःच्या नवऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून राहत होती. हे तिचं म्हणणं नव्हे, पोर्तुगीज सरकारचं होतं. त्यांच्या शिक्क्याचं हिरवट कार्ड तिच्या पेटीत शालूच्या घडीत असे. त्यावर तिचा फोटो, फोटोवाला अंगावर ओरडल्यासारखा चेहरा, आणि खाली लिहिलेलं: देश, हिंदुस्थान. राहण्याचं कारण, पाहुणी. यजमान, भिकाजी, राहणार हळर्ण. मुदत, ३१ डिसेंबर १९६१.

एकोणीस डिसेंबरला गोवा मोकळा झाला. म्हणजे सरकारची मुदत कार्डाच्या बारा दिवस आधी संपली. पण त्या धामधुमीत कुणाच्या कार्डाकडे कोण बघतो?

शेवंती मूळची बांद्याची, मराठी सातवी झालेली. सन चाळीसच्या वैशाखात तिचं लग्न झालं, वाजतगाजत. पण पोर्तुगीज कायद्याला वाजंत्री पुरत नसे, दोन सह्या लागत. पहिली सही ‘लग्न करणार आहोत’ म्हणून, दुसरी ‘केलं’ म्हणून. पहिली झाली. दुसरीसाठी नवराबायको जूनच्या तेरा तारखेला चालत तालुक्याला गेली, तर कचेरीला कुलूप. सांत अंतोनचं फेस्त, म्हणजे ख्रिस्ती सण, साहेब जेवायला गेलेले. भिकाजी आभाळाकडे बघून म्हणाला, “फुडल्या खेपेक येवया, पेरणी खोळंबली.” ती पुढली खेप काही आली नाही. पेरणीमागून लावणी, लावणीमागून कापणी, असं त्या माणसाचं चाले.

पुढे चौपन्नच्या सुमारास हिंदुस्थानची हद्द बंद झाली आणि पोलीस घरोघर कागद विचारू लागले. तेव्हा गावचे रेजिदोर, म्हणजे पोर्तुगीजांनी नेमलेले गावमुखत्यार, बाबुराव मदतीला आले. “बायको म्हटलं तर दुसरी सही दाखव म्हणतील. आता घालायला गेलात तर शत्रूच्या मुलखातली बाई म्हणून दोघांची चौकशी. पाहुणी लिहूया. पाहुणीला कोण काय विचारत नाय.” दर वर्षी कार्डावर बाबुरावांचा शिक्का पडे आणि पाहुणी परत चुलीकडे वळे.

तिला मूलबाळ झालं नाही. गावातली पोरं मात्र तिच्याभोवती असत. देवळाच्या मंडपात रोज सकाळी ती त्यांना बाराखडी शिकवी, पंधरा वर्षं, कुणी न सांगता. म्हणून चौसष्ट साली हळर्णला सरकारी मराठी शाळा मंजूर झाली, तेव्हा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, “बाई, शाळा तुमचीच आहे. तेरा तारखेच्या शनिवारपर्यंत नागरिकत्वाचा कागद तेवढा आणून द्या. नाहीतर सोमवारी नवा मास्तर येईल.”

नवा मास्तर कुठला, ते तिनं विचारलं. तो निघाला बांद्याचा. तिच्या माहेरच्याच आळीतला गोपाळ, तिनं लहानपणी कडेवर घेतलेला. त्याला कागद नको होता, कारण तो घर सोडून कधी कुठे गेलाच नव्हता.

मंगळवारी शेवंती कचेरीत गेली. नागरिकत्वाच्या टेबलावर सगुण नावाचा कारकून होता, लाटंबार्शाचा, तरुण, अतिशय नम्र. त्यानं कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं.

“बाई, ह्याची मुदत संपलीय.”

“सरकारच संपलं, बाबा.”

“ते वेगळं. तुम्ही इथे रीतसर राहता याला पुरावा हवा. मुदत संपलेला पुरावा धरता येत नाही.”

“पण मी मूळची बांद्याची. हिंदुस्थानातलीच.”

“मग परदेशी म्हणून कार्ड का दिलं?”

“त्यांना परदेशी!”

सगुणनं बोट ठेवून वाचलं. “देश, हिंदुस्थान. बरोबर आहे तुमचं. म्हणजे तुम्ही हिंदुस्थानच्या असल्याचा पुरावा हाच.” त्याचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. “पण ह्याची मुदत संपलीय.”

“मग मी करू काय?”

“ज्यांनी दिलं त्यांच्याकडून वाढवून आणा.”

“ते आगबोटीत बसून गेले, सगुणबाब.”

“हे इथे लिहिलेलं नाही,” सगुण पुस्तकाची पानं उलटत हळहळून म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा भिकाजी दोरी वळत होता. मान वर न करता म्हणाला, “शिक्को बाबुरावाकडे आसा मरे. भाताच्या कणगीत.”

आणि तो होता. बुधवारी सकाळी शेवंती कार्ड घेऊन गेली तेव्हा बाबुराव ओसरीवर नुसत्या पंच्यावर बसून सुपाऱ्या कातरत होते. अडीच वर्षांत त्यांना कुणी कसला दाखला मागितला नव्हता. तिचं ऐकता ऐकता त्यांची पाठ ताठ होत गेली. ते आत गेले आणि काळा कोट घालून, कणगीतला शिक्का घेऊन बाहेर आले. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मेज ओढलं, कादेर, म्हणजे खुर्ची, मांडली, आणि तिच्यावर बसून म्हणाले, “अर्जदारानं अंगणात उभं राहावं.”

आतून त्यांची बायको सत्यवती ओरडली, “गो शेवंती, भायर कित्या उभी? आत ये, च्या घे.”

“अर्जदार आत येत नसतो.”

“कोण अर्जदार? काल तुमच्या झिलाचां पत्र कोणी वाचून दाखयलां?”

बाबुरावांनी ऐकलं नाही. चष्मा पुसून त्यांनी कार्ड उघडलं आणि कपाळावर आठी आणली. “कायद्याप्रमाणे तू एकसष्ट सालच्या अखेरीला हद्दीबाहेर जायला हवी होतीस.”

“खंयची हद्द, काका?”

“ते मी बघत नाही. किती दिवस राहण्याचा विचार?”

“मरेपर्यंत.”

“तसा रकाना नाही. एक वर्ष लिहितो. यजमान हजर आहेत?”

यजमान अंगणाच्या दगडी गडग्यावर बसून विडी ओढत होते. बाबुरावांनी आवाज चढवला, “भिकाजी, पाहुणीला आणखी एक वर्ष घरी ठेवून घेण्यास तुम्ही राजी आहात काय?”

भिकाजीनं विडीचा झुरका घेतला.

“जेवाण कोण करतला?” त्यानं विचारलं.

“पाहुणी.”

“मगे रवां दे.”

सत्यवती हसली, बाबुरावही मिशीत हसले. शेवंती नुसती अंगणातल्या तुळशीकडे बघत राहिली.

शिक्क्याची शाई दगडासारखी सुकली होती. जूनचा महिना, परसातलं जांभूळ लगडलेलं. सत्यवतीनं वाटीभर जांभळं चेचून रस काढला. बाबुरावांनी शिक्का त्यात बुडवला, झटकला आणि उचलून धरला.

“काका, तारीख मागची घाला ना,” शेवंती म्हणाली. “बासष्टची, त्रेसष्टची. म्हणजे मधे खंड पडायचा नाही.”

बाबुराव दुखावले. “बत्तीस वर्षं ह्या शिक्क्यानं खोटी तारीख मारली नाही. आजची घालीन.”

आणि त्यांनी घातली. दहा जून १९६४. हळर्ण गावात त्या सकाळी पोर्तुगीज अंमल पुन्हा पाव तास चालला. मग बाबुरावांनी कोट काढला आणि शेवंतीला आत चहाला बोलावलं.

शनिवार उजाडला. तेरा जून. सकाळच्या कारेरीनं, म्हणजे बसनं, तिघं निघाली. बाबुरावांनी पुन्हा कोट घातला होता, शिक्क्याबद्दल कुणी शंका काढली तर उत्तर द्यायला. भिकाजीला छत्री दुरुस्त करून घ्यायची होती.

सगुणनं कार्ड उजेडाकडे धरलं. मग नाकाशी नेलं.

“जांभूळ?”

“हो.”

त्यानं तारीख पाहिली आणि मनापासून सुटकेचा निःश्वास टाकला. “आता मुदत आहे! बसा, बाई.” पुस्तक उघडून तो एकेका ओळीवर खूण करत गेला. अर्ध्यावर पेन्सिल थांबली.

“राहण्याचं कारण, पाहुणी.”

“ते त्या वेळी सोयीसाठी...”

“कायमचं राहणाऱ्यालाच नागरिकत्व मिळतं, बाई. पाहुणा कायमचा कसा? शिवाय एक वर्षानं परत जाणार असं ह्यांनी तीन दिवसांपूर्वीच लिहून दिलंय.”

बाबुराव खोकले. बाहेर कुठेतरी मोटारीचा भोंगा वाजला. शेवंतीला मंडपातली पोरं दिसली, पाट्या धरून गोपाळसमोर बसलेली. ती टेबलावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

“मी पाहुणी नाही. मी ह्या माणसाची बायको आहे. चोवीस वर्षं.”

“बायको?” सगुणनं पेन्सिल खाली ठेवली. “बायकोला हे काहीच लागत नाही! नुसती लग्नाची नोंद दाखवा.”

तिनं दोन सह्यांची गोष्ट सांगितली. सगुण ऐकत होता तसा मोहरत गेला. पोर्तुगीज गेले तरी त्यांचा लग्नाचा कायदा जागच्या जागी होता, वह्याही मागच्या खोलीत होत्या. तो उठून गेला आणि खूप वेळानं कोळिष्टकं लागलेलं एक जाडजूड बाड घेऊन आला. त्यातून कसरी पळाल्या.

“ही बघा. भिकाजी आणि शेवंती, लग्न करण्याचा इरादा, मे १९४०. कुणाची हरकत असल्यास कळवावी अशी नोटीस दारावर लावली होती.” त्यानं पान उलटलं. “चोवीस वर्षांत कुणी हरकत घेतलेली नाही.”

“माका इचारूक होया हुती,” भिकाजी म्हणाला.

“तुम्ही वर,” सगुण म्हणाला. “वराला हरकत घेता येत नाही, सही तेवढी टाळता येते. ती तुम्ही केलीच नाहीत. आता करा. साहेब आत आहेत, ते शिक्का देतील. दोन साक्षीदार लागतील.”

एक बाबुराव झाले. दुसरा मिळेना. इतक्यात कारेरीचा ड्रायव्हर तणतणत आत आला. “अरे हळर्णची माणसां, येतलास काय रवतलास? गाडी भरली!” सगुणनं त्याला नम्रपणे खुर्चीत बसवलं आणि हातात टाक दिला.

“काय आसा ह्यां?”

“लगीन.”

“कोणाचां?”

भिकाजीनं छत्रीनं शेवंतीकडे दाखवलं. ड्रायव्हरनं दोघांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

“वधू,” सगुण वाचून दाखवू लागला, “आपण स्वखुशीनं, कुणाच्याही दडपणाशिवाय...”

शेवंतीनं टाक शाईत बुडवला आणि तसाच वर धरला. स्वखुशीनं का, हे तिला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. चाळीस साली वडिलांनी ठरवलं, पहिल्या सहीच्या वेळी तिचा हात धरून कुणीतरी कागदावर ठेवला होता. बाहेर भोंगा वाजत होता. टाकाच्या टोकावरून शाईचा थेंब मेजावर पडला.

“घाल गो,” भिकाजी म्हणाला. “गाडी चुकात.”

“आधी विचारा.”

“काय इचारू?”

“बुधवारी बाबुरावकाकांनी तुम्हाला विचारलं, पाहुणीला ठेवून घेता काय. तुम्ही जेवणाचं विचारलंत. आज मला विचारा.”

भिकाजीनं छत्री ह्या हातातून त्या हातात घेतली. सगुणकडे पाहिलं, पण पुस्तकात ह्याला रकाना नव्हता. बाबुराव छताकडे बघत होते. शेवटी तो खाली बघून, अगदी लहान आवाजात म्हणाला, “रवतलंस मगे?”

“किती दिवस?”

“आता तां...” तो एकदम बाबुरावांकडे वळला. “तुम्ही ह्यात मुदत लिवची नाय हां. सांगान ठेयतंय.”

तिनं सही केली. सातवी पास झालेल्या मुलीचं वळणदार अक्षर, चोवीस वर्षं शाबूत. भिकाजीनं तिच्याखाली आपलं नाव गिरवलं. साहेबांनी शिक्का मारला, सगुणनं नागरिकत्वाचा कागद लिहून दिला आणि कार्ड मागून घेतलं. “दोन देशांच्या शाईचं एवढं एकच आहे माझ्याकडे,” तो म्हणाला आणि ते कपाटात न ठेवता खिशात ठेवलं.

तपासणीच्या साहेबांकडे कागद पोचला तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. कारेर तोवर थांबली होती. ड्रायव्हरनं सगळ्या उतारूंना सांगितलं होतं, आणि एका कोळणीनं आपल्या पाटीतले दोन बांगडे आहेर म्हणून शेवंतीच्या ओटीत टाकले.

सोमवारी मंडपात शाळा भरली. नवं हजेरीपुस्तक, सरकारी. शेवंती पाटावर बसली आणि आयांनी पोरांना एकेक करून समोर उभं केलं. नाव, बापाचं नाव, वय. मग एक रकाना होता, जन्मस्थान.

“खंय झालो हो?” तिनं पहिल्या पोराच्या आईला, कमलला, विचारलं.

“थोरलो मा हो, बाये. आजोळाक झालो. बांद्याक.”

दुसरी आजोळी झालेली, सातार्ड्याला. तिसरा घरचा. चौथी पुन्हा नदीपलीकडची. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच होती. अर्धी शाळा हद्दीच्या पलीकडे जन्मली होती आणि आठ दिवसांची असताना मामाच्या छत्रीखालून इकडे आली होती, कुणाला न विचारता.

शेवंतीनं टाक थांबवला. तिला सगुणचा उजळून पडणारा चेहरा आठवला, आणि जांभळाच्या रसाची वाटी. ही पोरं मोठी होतील, कुठल्या तरी टेबलापुढे उभी राहतील, आणि कुणीतरी अतिशय नम्र माणूस हेच पुस्तक उघडून बोट ठेवील.

तिनं पहिल्या ओळीत लिहिलं, हळर्ण. मग त्याखाली हळर्ण, त्याखाली हळर्ण, पान संपेपर्यंत.

“बाई, माझ्या चेडवाचां चुकलां काय?” पलीकडची एक आई वाकून बघत म्हणाली. “ती सातार्ड्याक...”

“गप रव,” शेवंती म्हणाली आणि पुढचं पान उलटलं.