माझ्यावरचं नववं नाव

मी एक जुनी ढाल आहे. लढाईतली नव्हे बरं का, मित्रांनो! मी बक्षिसाची ढाल. आमच्या ग्लायडर क्लबात चहाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर मी टांगलेली असते. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. जमिनीवरचं यंत्र दोर खेचून त्याला वर सोडतं. पुढचा सगळा भरवसा तापलेल्या जमिनीवरून चढणाऱ्या हवेवर आणि वैमानिकाच्या अकलेवर. त्या हवेत घिरट्या घालून उंची मिळवायची आणि पुढचा पल्ला गाठायचा.

माझा जन्म एका पंखातून झाला. तीस वर्षं या क्लबात सगळ्यांना उडायला शिकवणारे मास्तर वारले, तेव्हा त्यांच्या जुन्या ग्लायडरचा मोडका पंख क्लबाच्या सुतारकाकांनी उकलला. त्यातलं चांगलं लाकूड निवडून त्यांनी मला घडवलं. मी देखणी झाले. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगायच्या भानगडीत पडत नाही. दूरच्या पुलाला वळसा घालून, मध्ये कुठेही न उतरता, तीनशे किलोमीटरची फेरी जो पुरी करील, त्याचं नाव मास्तरांच्या नावाखाली कोरायचं असं ठरलं. कोरायचं काम अर्थात काकांचं. छिन्नी लागली की दुखायचं, पण मी कधी हूं की चूं केलं नाही.

आठ नावं कोरून झाली. प्रत्येक विजेत्याने मला डोक्यावर धरून मिरवलं. मग मात्र सलग चार वर्षं कोणालाच जमेना. माझ्यावर धूळ साचली. कोणीतरी माझ्याच खिळ्याला आपली घामट टोपी अडकवू लागलं. मी आतल्या आत धुसफुसत राहिले.

माझी धूळ पुसायचे ते एकटे काकाच. पण आता त्यांचे हात कापू लागले होते. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकांची मुलगी क्लबात दोर खेचणारं यंत्र चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः उडायची. एकदा मला पुसता पुसता काका तिला म्हणाले, "तुझं नाव माझ्या हातून कोरून व्हावं. मग छिन्नी खाली ठेवली तरी हरकत नाही."

तिने मनावर घेतलं. पहिल्या खेपेस बिचारी मैदानाच्या चार किलोमीटर अलीकडे एका नांगरलेल्या शेतात उतरली. तिला आणायला चौघे ट्रेलर घेऊन गेले. आणायला येणाऱ्यांना वैमानिकाने जेवू घालायचं, हा आमचा रिवाज. चौघे असे आडवा हात मारून जेवले की जणू तेच उडून आले होते!

दुसऱ्या वर्षी ती फेरी पुरी करून मैदानावर उतरली. सगळे नाचायला लागले. विमानात एक लहान पेटी असते. तिच्यातली सुई फिरत्या कागदावर उंचीची रेघ काढते, आणि मध्ये कुठे उतरलं नाही याचा तेवढाच पुरावा. त्या सकाळी शेवटच्या क्षणापर्यंत ती दुसऱ्यांना वर सोडत होती. घाईघाईत तिने पेटीला चावी दिली, पण सुई कागदावर टेकवणारी कळ ओढायची राहिली. पुलाला वळसा घातल्याचा वरून काढलेला फोटो होता, कागद मात्र कोरा.

"अगं, तू कुठे उतरली नाहीस हे आम्हाला ठाऊक आहे," सेक्रेटरी म्हणाले. "लिहून टाकू."

काकांनी मला मांडीवर घेतलं होतं. छिन्नी माझ्यावर टेकली होती आणि थरथरत होती.

"बाबा, ठेवा ती," मुलगी म्हणाली. "कागद कोरा आहे."

"पुढच्या वर्षी मला जमेल की नाही, सांगता येत नाही, पोरी."

"माहीत आहे मला."

तिने शब्द मागे घेतला नाही. खरं सांगते, त्या दिवशी मला तिचा रागच आला होता.

तिसऱ्या वर्षी तिने आधी कळ ओढली, मग चावी दिली, मग पुन्हा कळ तपासली. दुपार कलली तेव्हा चहाच्या टेबलावरचा रेडिओ बोलला, "उंची फार कमी आहे. खाली शेत बघतेय." काका रेडिओला कान लावून बसले. बराच वेळ नुसती खरखर. मग एकदम, "घारी घिरट्या घालताना दिसल्या! त्यांच्याच हवेत वर चढतेय!" सगळे चहा टाकून बाहेर धावले. मला कोण नेणार? भिंतीवर लटकून मी फक्त ऐकलं: पंखांची शीळ, गवतावर घासत थांबणारं चाक आणि मग अशी आरोळी की खिडकीची तावदानं हादरली. सेक्रेटरींनी पेटी सर्वांसमोर उघडली. रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग होती.

"मशीनवर नावाची पितळी पट्टी करून घेऊ," ते हळूच म्हणाले. "सुबक होईल."

"नको," ती म्हणाली. "बाबाच कोरतील."

तिने मला दोन्ही हातांनी गच्च धरलं. काकांना ते एक नाव कोरायला दोन दिवस लागले. एक अक्षर खोल गेलं, एक तिरपं झालं. मला दुखलं आणि मी आनंदाने वेडी झाले. बक्षिसाच्या दिवशी तिने मला काकांच्या हाती दिलं. त्यांनी मला डोक्यावर उचललं. हात थरथरत होते, पण इतकं उंच मला कोणीच उचललं नव्हतं.

काकांनी त्यानंतर काही कोरलं नाही. आता मला पॉलिश करायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे वाकडं नाव घासून सरळ करू का?" मित्रांनो, माझी धूळ जरूर पुसा, टोप्याही दुसरीकडे अडकवा. पण कोणी त्या नावाला कानस लावायला निघालाच, तर त्याचा हात धरा आणि सांगा की माझ्यावरचं सर्वांत सुंदर नाव तेच आहे.