ओढ्याजवळ हात करणारी बाई

गाडी एरंडोलच्या स्टँडवर लागली तरी झुंबरबाईचा पाय उचलेना. दिवाळीआधी दिवेलागणीला याच धुळ्याच्या गाडीत तिच्या कानातले कुणी हिसकून नेले होते. पारोळ्याच्या अलीकडे ओढ्याजवळ एकाने हात केला, ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि झुडपांतून कोयतेवाले चढले. तेव्हापासून धुळ्याला दिलेली लेक तिने पाहिली नव्हती. आता लेक बाळंत झाली होती.

"चला मावशी, दिवसाढवळ्या कोण येतंय?" कंडक्टर अभिमन म्हणाला. त्या दिवशी मार खाल्लेला तोच. पण बोलताना त्याची नजर जमिनीवर होती.

गाडी निम्मी रिकामी. बायकांच्या गळ्यात नुसती काळी पोत. ओढा जवळ आला तशा बायका खिडक्यांपासून आत सरकल्या.

आणि रस्त्यात एक बाई हात करून उभी!

"थांबू नका! दाबा गाडी!" मागून कुणी ओरडलं. अभिमनने डबल बेल दिली. ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. बाई कशीबशी बाजूला सरली. खिडकीतून झुंबरबाईला तिच्या खांद्यावर मान टाकलेली पोरगी दिसली.

"थांबाड! गाडी थांबाड, भाऊ!" आपणच ओरडलो हे तिला नंतर कळलं.

"मावशी, त्या दिवशीही असाच हात केला होता," अभिमन म्हणाला.

"माले बी भेव वाटस. पन ती पोर मरी जाई ना!"

अभिमनने दोरी ओढली. गाडी पुढे जाऊन थांबली. बाई धावत येईपर्यंत सगळे झुडपांकडे बघत होते. एखादं पान हललं तरी झुंबरबाई समोरची दांडी घट्ट धरी. अभिमनच्या हाताने दाराची कडी निघेना, तेव्हा तिने उठून हात लावला.

बाई चढली. झुडपांतून कुणीच आलं नाही. पोरगी तापाने फणफणली होती, डोळे पांढरे झाले होते. झुंबरबाईने तिला मांडीवर घेतलं, पदर ओला करून कपाळावर धरला. पारोळ्यात ड्रायव्हरने गाडी थेट दवाखान्याच्या फाटकाशी नेली. उशीर झाला म्हणून कुणी ब्र काढला नाही.

धुळ्यात लेकीने विचारलं, "माय, भेव नई वाटनं?"

"वाटनं. आजूनबी हात कापी ऱ्हायनात."

"मंग परत कशी जाशी?"

"गाडीमाच जासू," ती म्हणाली. जावयाला मात्र बजावलं, "माले सकायनी गाडीमा बसाडी द्या."