काचेच्या घटातलं तीर्थ

ब्याण्णव साली हडपसरच्या गाडीतळामागं घातलेल्या मांडवात दर गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नसे. ज्यांच्या मळ्यांवर कारखाने उभे राहिले, ती सगळी मंडळी अंगभर सोनं घालून सुवर्णनाथ महाराजांपुढे बसत. महाराज एकेक दागिना काचेच्या आकड्याला अडकवून काचेच्या घटातल्या तीर्थात बुडवत, आरती संपली की धुऊन-पुसून परत देत. मग त्याच तीर्थात मूठभर तपकिरी ‘मंत्रमणी’ टाकत, थोड्या वेळानं त्यातले चार मुशीत जाळत आणि राखेतून सोन्याचा कण काढून प्रसाद म्हणून वाटत. पाण्यातून सोनं निघालेलं बघून लोक गाल बडवून घेत.

“सोनं जिवंत असतं, माउली. त्याला पिल्लं होतात,” महाराज सांगत. हा माणूस शाळेत कुठल्या विषयात नापास झाला असेल, हे सासूबरोबर मांडवात आलेल्या नीरजाला न विचारताच कळलं.

नीरजाला हसू मात्र येत नव्हतं, संताप येत होता. तिच्या सासूबाईंनी, सरुबाईंनी, गेल्या गुरुवारी एक पाटली बुडवून नेली होती. आज उरलेल्या तिन्ही आणल्या होत्या. या पाटल्या मोडून नणंदेची, उल्काची, नर्सिंगची फी भरायची होती. त्या बुडवलेल्या पाटलीवरची वेलाची नक्षी वापरलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखी पुसट झालेली नीरजानं पाहिली होती. देवाच्या पाण्यानं मळ गेला, असं सरुबाईंचं म्हणणं.

आणि ते मणी तर नीरजा रोज हाताळायची. ती सोन्याचा मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. तिथल्या आम्लाच्या पाण्यात उरलेलं सोनं वाया जाऊ नये म्हणून ते पाणी रेझिनच्या अशाच मण्यांमधून सोडत. मणी सोनं धरून ठेवत, जाळले की ते हाती येई. तिथं त्याला कुणी आरती ओवाळत नसे.

सरुबाईंनी पाटल्या पुढे केल्या, तशी नीरजा उठली. तिनं पिशवीतून घरच्या देव्हाऱ्यातली तांब्याची पळी काढली.

“महाराज, सगळ्या पुण्यात तीर्थ तांब्याच्या भांड्यात असतं. आपलं काचेत का?”

“हे दिव्य तीर्थ आहे, बेटी.”

“मग पळीभर आधी आपणच घ्या.”

महाराजांनी हात मागे घेतला. नीरजानं पळी घटात बुडवली. तीर्थ फसफसलं, तांबूस धूर निघाला, पुढच्या रांगेतली माणसं खोकत मागं सरली. पळी बाहेर आली तेव्हा तिची कड उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती आणि तीर्थ हिरवं पडलं होतं.

“हे तेजाब आहे, दोन जहाल आम्लांचं मिश्रण,” ती लोकांकडे वळून म्हणाली. “तांबं खातं तसं सोनंही खातं. तुमच्याच दागिन्यातलं सोनं यात विरघळतं आणि मणी ते शोषून घेतात. त्यातला कण तुम्हाला प्रसाद, बाकीचे मणी महाराजांच्या झोळीत.”

मांडव घालणारे आप्पासाहेब देवाचा अपमान झाला म्हणून तिच्यावर ओरडायला लागले. बोलता बोलता त्यांची नजर बोटातल्या अंगठीवर गेली. ती त्यांनी तीन गुरुवार बुडवली होती. तिच्यावर कोरलेलं त्यांचं नाव आता त्यांनाच वाचता येईना. त्यांनी महाराजांचं मनगट धरलं, ते पोलिस येईपर्यंत सोडलं नाही.

सरुबाईंनी तिन्ही पाटल्या परत हातात चढवल्या.

“तीस वर्सं मंडईत वांगी इकली,” त्या म्हणाल्या. “गिऱ्हाईक दाबून बगितल्याबिगर येक बी घेत नव्हतं. आन् म्या सोनं डोळं झाकून दिलं.”

असले महाराज आणखी येतील. त्यांना माणसांची कमी नाही. नमस्कार कुणाला करायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण कुणी पाण्यातून सोनं काढून दाखवलं, तर त्या पाण्यात आधी काय बुडवलं होतं, एवढं विचारल्याशिवाय जागचं उठू नये.