एकाच फांदीवर

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा कागद तिच्याकडे फिरवला आणि पेनाचं टोक एका फांदीवर टेकवलं.

"देशभरातून रक्ताचे नमुने गोळा करून हे झाड काढलंय. एचआयव्ही म्हणायला एकच, पण माणसागणिक थोडा थोडा बदलतो. ज्यांचे मिळतेजुळते, ते एका फांदीवर. ही फांदी वेगळीच निघाली, इकडे कुठे न सापडणारी. बारा जण आहेत हिच्यावर."

"त्यांत मी?"

"तुम्ही आणि तुमचे मिस्टर. त्यांचं रक्त साठवलेलं होतं." डॉक्टरीणबाईंनी पेन फांदीवरून पुढे सरकवलं. "बाकीच्या दहा जणांना चौदा वर्षांपूर्वी, एकाच महिन्यात, एकाच दवाखान्यात रक्त चढवलं होतं. तुम्हालाही तिथेच."

तिचा गर्भ पडला होता तेव्हा. रक्त थांबेना. नवरा सकाळपासून वणवण फिरला आणि दुपारी दोन पिशव्या पोटच्या पोरासारख्या छातीशी धरून जिना चढून आला. "मिळालं गं," एवढंच म्हणाला होता.

"यांना कधी रक्त चढवलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"म्हणजे माझ्याकडून."

"यात तुमचा काडीचाही दोष नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ती कागदाकडे बघत राहिली. बारा वर्षांपूर्वी दोघांचे अहवाल एकाच दिवशी आले होते. तो म्हणाला होता, "आईची शपथ, मी कुठे गेलो नाही." ती म्हणाली होती, "जीभ कशी झडत नाही तुमची?" मग चार महिने तिनं त्याला मागच्या खोलीत टाकलं. ताट उंबऱ्यावरून आत सरकवायची. तो शपथा घेत राहिला, मग नुसतं बघत राहिला, मग तेही थांबलं. औषधं तिला वेळेवर मिळाली. त्याला दवाखान्यात न्यायला कुणी उठलंच नाही. तो गेला तेव्हा सासूनं तर त्याचं तोंडही पाहिलं नाही. "माझ्या पोटी असला निपजला," म्हणून तिनं सुनेपुढे हात जोडले होते.

तिनं कागदाची चौपदरी घडी घातली. रस्त्यावरच्या कचराकुंडीपाशी तिनं त्याचे कपटे केले आणि सगळे आत पडल्याची खात्री करून घेतली.

दार सासूनंच उघडलं. पंचाहत्तरीची बाई, पण सून आली की आधी पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

"काय म्हणाल्या गं डॉक्टरीणबाई?"

ती पाणी प्यायली. सासू तिच्याकडे बघत होती, खालच्या मानेनं, गेली बारा वर्षं बघत होती तशी.

"कशाला विचारता? तुमच्या लेकाचेच प्रताप."

पदरानं डोळे टिपून सासू गुडघ्यावर हात रेटत खाली बसली.

"दमली असशील. आण, पाय चेपून देते."

ती खुर्चीत मागे टेकली आणि तिनं पाय पुढे केले.