भिंतीकडे तोंड केलेली चाळीस खोकी

मुलुंडच्या औद्योगिक वसाहतीतला तो गाळा जयवंत परबच्या परिचयाचा होता. त्याहून अधिक परिचयाची होती उजव्या भिंतीशी रचलेली चाळीस खोकी. बँकेचा कर्ज-अधिकारी या नात्याने सहा महिन्यांपूर्वी त्याने त्यांची नोंद ‘विक्रीयोग्य तयार माल’ अशी केली होती. वस्तुतः आतले पितळी नळजोड युरोपातल्या गिऱ्हाइकाने मागणी आटल्यामुळे परत धाडले होते, आणि प्रत्येक खोक्यावर तशी तांबडी चिठ्ठी होती. जयवंतने ती वाचली होती. वाचूनच त्याने गाळ्याचा मालक डेरिक याला खोकी भिंतीकडे फिरवायला सांगितले होते.

त्याला दया म्हणावे, तर तीत स्वतःच्या बढतीची सोय मिसळलेली होती. लबाडी म्हणावे, तर अंदाज अगदीच निराधार नव्हता. व्याजदर उतरतील, मागणी परतेल, असे मुख्य कचेरीचेच टिपण सांगत होते. दोन्ही घडले नाही. दर चढले, हप्ता फुगला, गिऱ्हाईक गप्प झाले. चूक बाजाराची, हे जयवंत स्वतःशी रोज सिद्ध करी. परंतु त्या अहवालावर बाजाराची सही नव्हती.

आता चार दिवसांत थकलेले व्याज भरले नाही, तर खाते बुडीत ठरणार होते. ते भरायला वाढीव कर्ज हवे. वाढीव कर्जाला नवे तारण हवे, आणि नव्या नियमाप्रमाणे प्रत्येक खोक्याच्या दर्शनी बाजूचा फोटो.

“चिठ्ठ्या फाडतो ना साहेब,” डेरिक म्हणाला. “दोन मिनिटांचं काम.”

“गोंदाचे डाग राहतील.”

“डागावर तारीख नसते.”

“आणि हा माल घेणार कोण?”

“तुम्हीच बोललेलात, बाजार उठेल. तो बसला, म्हणून मी पण बसलोय.”

तेवढ्यात डेरिकची बायको ब्रिजेट प्लास्टिकची फाईल घेऊन आली. कांजूर गावातले वडिलांचे घर तिच्या नावावर होते. ते गहाण घ्यावे, ही शिफारस जयवंतचीच.

“आणले पेपर. झेरॉक्स नाय चालत तुमच्यात?”

“नाही. मूळच लागतात.”

“सही कुठं करू? ह्याला विचारलं तर बोलतो, साहेब सांगतील तिथं.” तिने खोक्यांच्या राशीकडे पाहिले. “एवढा माल पडलाय आमचा, मग घर कशाला पाहिजे?”

“तू सही कर गं. मध्ये नको बोलू.”

“घर माझं, तोंड पण माझं.”

जयवंतने पेन काढले नाही. चिठ्ठ्या फाटल्या, तर त्याची नोकरी टिकत होती आणि कोणी न घेणाऱ्या मालापायी या बाईचे घर जात होते. चिठ्ठ्या राहिल्या, तर कर्ज नामंजूर होऊन घर वाचत होते. मात्र त्यांवरची तारीख त्याच्या अहवालाआधीची होती, आणि ते पहिल्याच वाचणाऱ्याला दिसणार होते. तिसऱ्या वाटेच्या शोधात तीन आठवडे गेले होते.

त्याने वरचे खोके धरून फिरवले.

“काय लिहिलंय?” ब्रिजेटने विचारले.

“मागणी रद्द, माल परत. अठ्ठावीस ऑगस्ट.”

“आणि तुम्ही मोजायला कधी आलेलात?”

“बारा सप्टेंबरला.”

तिने चिठ्ठीवरच्या तारखेवर बोट ठेवले.

“वाट लावलीत साहेब!” डेरिक ओरडला. “माझी पण, तुमची पण!”

जयवंतने बँकेच्या मोबाइलवर फोटो घेतला. पडद्यावर ‘४० पैकी १’ असे उमटले. चाळीसही झाल्याखेरीज ते यंत्र पुढे सरकणार नव्हते, आणि मुख्य कचेरीत एकदा गेलेला फोटो परत येणार नव्हता.

ब्रिजेटने फाईल पिशवीत घातली, पिशवीची चेन लावली आणि दुसऱ्या खोक्याचे एक टोक धरले.

“उचला. एकट्यानं नाय व्हायचं.”

डेरिक शटरपाशी पाठ करून उभा होता. खोके वळले. याही चिठ्ठीवर तारीख तीच होती.