ती घरीच असते

आई जिन्यावरून पडली, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी तिने मला दोन हाका मारल्या. पहिली चहासाठी. दुसरी चपलेसाठी.

"अगं, माझी एक चप्पल कुठे राहिली बघ जरा."

चप्पल जिन्यात होती, खालून तिसऱ्या पायरीवर. दूध घेऊन येताना ती आईच्या पायातून निसटली होती आणि दोन मजले चढून ओट्यापाशी येईपर्यंत आपला एक पाय अनवाणी आहे हे तिला कळलं नव्हतं. मी चप्पल तिच्या पुढ्यात ठेवली.

"चपलेलाही माझा कंटाळा आला वाटतं," ती म्हणाली.

"मला बरा नाही आला अजून," बाबा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले.

"यायला तुम्ही घरात असता कुठे?"

बाबा हसले. बुटांच्या कारखान्यात ते चामडं कापणारे कटर होते, कायम नोकरीतले. त्या वर्षी कारखाना आठवड्यातले तीनच दिवस चालू असे. उरलेल्या दिवशीही ते कारखान्याचा निळा शर्ट घालून नऊच्या ठोक्याला बाहेर पडत आणि गेटसमोरच्या बाकावर बसून संध्याकाळी परत येत. त्या दिवशीही गेले. मग आईने भांडी आवरली, मागच्या खोलीची खिडकी लावली, कडी ओढून बघितली आणि चामडं चिकटवायच्या पिवळ्या सोल्यूशनचा डबा उघडला.

बुटाचा वरचा भाग ज्यांतून तयार होतो ते चामड्याचे तुकडे कारखान्यात कापून पिशवीतून घरी येत. प्रत्येकाच्या कडेला ब्रशने सोल्यूशनचा पट्टा ओढायचा. ते चिकट होईपर्यंत थांबायचं, म्हणजे तोवर पुढच्या दहा तुकड्यांना लावायचं. मग कड आत दुमडायची, हातोडीने ठोकायची आणि वळणावर बोटांनी बारीक चुण्या घालायच्या. आईच्या चुण्या एकसारख्या असत. अलीकडे मात्र ती प्रत्येक चुणी डोळ्यांजवळ धरून बघायची, कारण बोटांना ती लागत नव्हती. खोलीत त्या डब्याचा गोडसर, डोक्यात चढणारा वास भरून राहायचा. वीस मिनिटांत माझं कपाळ दुखू लागे, म्हणून मी पुस्तक घेऊन पुढच्या खोलीत बसत असे.

"कशाचं गं ते पुस्तक?" तिने आतून विचारलं.

"कामगारांचं."

"आपल्या?"

"नाही. दुसऱ्या देशातल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या."

"बरं चाललं होतं का त्यांचं?" लांबच्या नातेवाइकांची चौकशी करावी तसं तिने विचारलं. मी नाही म्हणाले आणि पान उलटलं.

तो आमचा शेवटचा साधा दिवस.

खिडकी का लावायची, याचं आई एक कारण सांगायची. ओल्या सोल्यूशनवर धूळ बसते आणि माल परत येतो. ते खरं होतं, पण अर्धंच. ती खिडकी गॅलरीत उघडायची आणि गॅलरीतून सगळी इमारत ये-जा करायची. कायम कामगाराची बायको घरी काम घेते हे दिसू द्यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत होती. घेतलं तर नवऱ्याच्या कमाईत भागत नाही असा त्याचा अर्थ व्हायचा. भर उन्हाळ्यात ज्या घराची मागची खिडकी बंद, त्या घरात पिशवी आलेली आहे, हे प्रत्येकाला कळायचं. अठरा बिऱ्हाडांपैकी नऊ खिडक्या बंद असायच्या. पण विचारायचं नाही. विचारणाऱ्याची खिडकीही बहुधा बंदच असे.

आईच्या या न दिसणाऱ्या कामावर माझी कॉलेजची फी भरली गेली. आणि त्याच फीच्या सवलतीच्या अर्जात, आईचा व्यवसाय या शब्दांपुढे, मी दरवर्षी माझ्या वळणदार अक्षरात 'गृहिणी' असं लिहीत आले.

ती पडली त्याच्या अकरा महिने आधी परदेशातल्या दोन मोठ्या गिऱ्हाइकांनी बुटांच्या मागण्या रद्द केल्या. तिकडे काय घडलं ते आम्हाला नीट कधीच कळलं नाही. इकडे काय घडलं ते एका आठवड्यात कळलं. ऑफिसातल्या लोकांचा पगार पूर्ण राहिला, फक्त त्यांचा दुपारचा चहा बंद झाला. बाबांसारख्या कायम कामगारांचा पगार निम्म्यावर आला. शेजारच्या मावशींचे यजमान ठेक्यावरचे हमाल होते, त्यांना दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेतलं नाही.

"आमच्या ह्यांना कागदसुद्धा नाही दिला," मावशी म्हणाल्या. "वॉचमनने सांगितलं. बिचारा हात जोडून बोलला. कारखान्यातलं तेवढंच एक माणूस हात जोडून बोललं म्हणायचं."

आणि कडा दुमडण्याचा विभाग बंद झाला. तिथे एका लांबलचक हॉलमध्ये तीस बायका ठेक्यावर हेच काम करत. त्या हॉलच्या भिंतीत वास बाहेर ओढणारे मोठे पंखे होते, कारण तपासणीला येणारे साहेब ते आहेत की नाहीत ते बघत. थोड्या मागण्या परत आल्या तेव्हा हॉल उघडला नाही. पंखे नकोत, वीज नको, तपासणीही नको. सगळं काम पिशव्यांतून घरोघर आलं आणि दर निम्म्यावर उतरला.

काम पोचवणाऱ्या माणसाला सगळे पिशवीवाला म्हणत. आईने त्याला दराबद्दल एकदाच विचारलं.

"ताई, माझ्या हातात असतं तर मी वाढवून नसता दिला का?" तो खालीच, जिन्याच्या तोंडाशी, उभा होता. "आणि खरं सांगू, त्या हॉलमधल्या तीसच्या तीस जणी माझ्या दारात आहेत. तुम्ही नाही म्हणा, पिशवी खाली टेकायच्या आत दुसरी उचलेल."

आईने पिशवी उचलली. नंतर दोन उचलू लागली. निम्म्या पगाराची तूट निम्म्या दराने भरून काढायची म्हणजे दुसरं काय होणार? बाबा पिशवीला हात लावत नसत. मी वाईट माणसाची गोष्ट सांगत नाही. संध्याकाळी आईचे पाय ते तेलाने चोळून देत. पण पिशवी घेऊन जिन्यात दिसणं त्यांना जमत नव्हतं. मलाही जमत नव्हतं, आणि ती घ्यायची वेळ झाली की मला वाचनालयात काम निघायचं.

त्या लाजेला आता एक कागदही येऊन मिळाला होता. निम्मा पगार हवा तर लिहून द्यायचं होतं, की घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. खोटं आढळलं तर पगारही जाईल आणि नोकरीही. तो अर्ज मी भरला. पत्नी: गृहिणी. बाबांनी सही केली. आई चहा गाळत होती. "काय लिहिलंस?" तिने विचारलं आणि मी सांगितल्यावर म्हणाली, "बरोबर आहे."

ती पडण्याआधी तीन महिने आम्ही तिला कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. बोटं बधिर झाली होती आणि चालताना तिची पावलं जमिनीवर फटफट आपटत होती, जणू ती पुढून सुटलेली होती. डॉक्टर तरुण आणि कामसू वाटले. त्यांनी तिच्या तळव्याला टाचणी लावली.

"टोचतंय?"

"लावलीत का?" आईने विचारलं.

डॉक्टरांनी पेन उघडलं. "काम काय करता?"

त्यांच्यामागच्या भिंतीला कारखान्याचं कॅलेंडर होतं. टेबलावरच्या कागदावर कारखान्याचा शिक्का होता. आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरकडे.

"ती घरीच असते," बाबा म्हणाले.

"कुठल्या रंगाशी, रसायनाशी संबंध?"

"नाही हो. घरातलंच, आपलं धुणंभांडी."

डॉक्टर क्षणभर थांबले. मला वाटतं, आमच्यापैकी कोणी काही बोलेल म्हणून थांबले असावेत. मग त्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विश्रांती घ्या म्हणाले.

त्या डब्याच्या वासात असा पदार्थ असतो, जो हातापायांचे मज्जातंतू हळूहळू मारतो. काम वेळेवर सुटलं तर माणूस बराचसा सुधारतो. हे मी नंतर वाचलं. वाचायची मला सवय होतीच. तेव्हा दोन शब्द बोलायचे होते, ते मला आले नाहीत.

चप्पल सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, आई तयार मालाच्या दोन पिशव्या घेऊन जिना उतरू लागली. पिशवीवाला खाली उभा होता. त्याने नंतर सांगितलं, "ताईंनी पायरीवर पाय ठेवला असं त्यांना वाटलं. ठेवला नव्हता." मी घरात होते. आधी पिशवी घरंगळल्याचा आवाज आला आणि मग मावशींची हाक. रुग्णालयात आई एक दिवस होती. शुद्धीवर आली नाही.

तिला पोचवून आल्यावर मी मागच्या खोलीत गेले. अर्ध्या पिशवीच्या कडा दुमडायच्या राहिल्या होत्या. मी खिडकी उघडली. गॅलरीतून कोणीतरी जात होतं, थबकलं, आणि आत न बघता पुढे गेलं.

आठ दिवसांनी बाबा आणि मी मृत्यूची नोंद करायला गेलो. लांब खोली, सहा टेबलं, आमच्या टेबलावर चष्मा कपाळावर चढवलेला एक वयस्क कारकून. बाबांनी निळा शर्टच घातला होता. दुसरा इस्त्रीचा सापडला नव्हता. आईचं नाव, वय, पत्ता, मृत्यूचं कारण. कारकून शांतपणे विचारत होता आणि लिहीत होता.

"व्यवसाय?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "घरीच असायची."

कारकुनाने मान हलवली आणि पेन टेकवलं. त्याला पुढचा शब्द पाठ होता. दिवसातून कितीदा तो लिहीत असेल.

तुम्ही हे वाचत असाल तेव्हा पायातल्या बुटाची कड एकदा बोटाने चाचपून पाहा. वळणावर बारीक चुण्या लागतील. त्या हातांनीच घालाव्या लागतात. कारखान्याच्या हजेरीत त्या हातांचं नाव शोधलंत तर बहुतेक सापडणार नाही. पण त्या दिवशी त्या टेबलापाशी मला हजेरी आठवत नव्हती. मला माझंच अक्षर आठवत होतं.

"थांबा," मी म्हणाले. "ते लिहू नका. माझी आई कामगार होती."

बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "अगं, तो अर्ज," ते हळूच म्हणाले. "कारखान्यात कळलं तर उद्या मलाही गेटवर थांबवतील."

"माहीत आहे, बाबा. तो अर्ज मीच भरलाय."

कारकुनाने चष्मा डोळ्यांवर घेतला. "कुठे होत्या कामाला?"

"घरी. वीस वर्षं."

बाबा टेबलाच्या कडेकडे बघत होते. त्यांचा हात माझ्या मनगटावर तसाच होता. बऱ्याच वेळाने तो उचलला गेला.

"तेवीस," ते म्हणाले. "ही व्हायच्या आधीपासून."

"रकाना एवढासा आहे," कारकून म्हणाला. आवाजात कुरबुर नव्हती. "थोडक्यात आणि नेमकं सांगा. काय लिहू?"

मी सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्यांनाही ऐकू गेलं असणार, कारण तिथलं बोलणं थांबलं.

"लिहा, बुटांच्या कडा दुमडणारी कामगार. घरी काम करत होती. खिडकी लावून."